जुनी मोटार घेताना : इंजिन, बांधणी आणि उरलेली वर्षे

झाशी : मराठी वाचकाला झाशी म्हटले की किल्ला आणि राणी लक्ष्मीबाई आठवतात. जुन्या मोटारींच्या व्यवहारात या शहराची ओळख निराळी आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदर ते सिल्चर हा राष्ट्रीय महामार्ग २७ झाशीत एकत्र येतात. उत्तर प्रदेशचा हा जिल्हा मध्य प्रदेशात शिरलेला असल्याने दतिया, ओरछा, शिवपुरी, ग्वाल्हेर ही गावे दुसऱ्या राज्यातील असूनही नित्याच्या ये-जा करण्याच्या टप्प्यात आहेत. त्यात येथे लष्कराची छावणी आहे, रेल्वेचे मोठे जंक्शन आहे आणि बदलीवर येणारे-जाणारे कर्मचारी आहेत. परिणामी झाशीच्या ‘यूपी ९३’ क्रमांकाच्या गाड्यांशेजारी मध्य प्रदेश, दिल्ली, महाराष्ट्र अशा अनेक राज्यांच्या क्रमांकांच्या गाड्या विक्रीस दिसतात.

एवढी विविधता ग्राहकाच्या सोयीची असली, तरी तिच्यामुळे तुलना अवघड होते. एकाच रंगाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांच्या किमतीत लाखभर रुपयांचा फरक का, याचे उत्तर बहुधा इंजिनाचा प्रकार, गाडीची बांधणी आणि नोंदणीची शिल्लक वर्षे या तीन गोष्टींत सापडते. या तिन्हींचा एकत्र विचार कसा करावा, याची माहिती या लेखात दिली आहे. निकष झाशीच्या संदर्भात मांडले असले, तरी करविषयक राज्यनियम वगळता ते देशात कोठेही लागू पडतात.

आधी वापर, मग इंधन

गाडी पाहण्यापूर्वी ग्राहकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. वर्षाकाठी गाडी किती किलोमीटर चालणार? त्यातील किती प्रवास गावात आणि किती महामार्गावर? आणि पुढील पाच वर्षांत ती कोणकोणत्या राज्यांत न्यावी लागणार?

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. हिशेबासाठी पेट्रोल ९५ रुपये आणि डिझेल ८८ रुपये लिटर धरू. एका बाजूला ३ लाख २० हजार रुपयांची पेट्रोल सेडान आहे. तिच्या नोंदणीची ८ वर्षे शिल्लक आहेत. दुसऱ्या बाजूला अडीच लाखांची डिझेल सेडान आहे. तिची ४ वर्षे उरली आहेत. पहिली लिटरला १६ किलोमीटर आणि दुसरी २० किलोमीटर धावते. वरवर पाहता डिझेल गाडी ७० हजारांनी स्वस्त आहे आणि इंधनही कमी खाते.

आता खरेदीची रक्कम शिल्लक वर्षांनी भागावी. पेट्रोल गाडी वर्षाला ४० हजार रुपयांना पडते, डिझेल गाडी ६२,५०० रुपयांना. म्हणजे डिझेल गाडी वर्षाला २२,५०० रुपयांनी महाग झाली. इंधनाचा खर्च पेट्रोलवर किलोमीटरला सुमारे ५ रुपये ९४ पैसे आणि डिझेलवर ४ रुपये ४० पैसे, म्हणजे बचत १ रुपया ५४ पैसे. गाडी वर्षाला ६ हजार किलोमीटरच चालणार असेल, तर ही बचत ९,२४० रुपयांपुढे जात नाही आणि ‘स्वस्त’ डिझेल गाडी दरवर्षी १३ हजारांहून अधिक तोटा देते. हीच गाडी वर्षाला २० हजार किलोमीटर चालली, तर बचत ३०,८०० रुपये होते आणि डिझेल फायद्याचे ठरते. या उदाहरणात दोन्ही पारडी वर्षाला सुमारे १४,६०० किलोमीटरवर समान होतात.

मुदत संपल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे शेवटी गाडीची किंमत अगदी शून्य होत नाही. उलट डिझेल गाडीचे एखादे मोठे दुरुस्तीचे बिल संपूर्ण वर्षाची बचत खाऊन टाकू शकते. आकडे प्रत्येकाने आपले घालावेत. रीत मात्र हीच ठेवावी.

पेट्रोल इंजिन

कमी वापर, गावातल्या गावात फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस उभी राहणारी गाडी, अशा कुटुंबाला पेट्रोल इंजिन सोयीचे पडते. त्याची रचना तुलनेने साधी असते आणि देखभाल स्वस्त असते. मारुतीच्या के-मालिकेतील ९९८ आणि ११९७ सीसीची इंजिने तसेच ह्युंदाईचे १.२ लिटरचे कप्पा इंजिन देशभर लाखो गाड्यांत असल्याने त्यांचे भाग आणि ती हाताळणारे मेकॅनिक लहान गावातही मिळतात.

जुन्या पेट्रोल गाडीबाबत आता इंधनाचा एक नवा मुद्दा आला आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल देशभर मिळू लागले आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या या मिश्रणाला अनुरूप आहेत. त्याआधीच्या गाड्यांबाबत पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार ई-१०साठी बनवून ई-२०साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांचे मायलेज १ ते २ टक्क्यांनी आणि इतर गाड्यांचे ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकते. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. म्हणून दहा-बारा वर्षांची पेट्रोल गाडी घेताना इंधननळ्या व जोड तपासून घ्यावेत आणि त्यांचा खर्च किमतीत धरावा.

डिझेल इंजिन

झाशीहून ललितपूरला किंवा ग्वाल्हेरला रोज ये-जा करणाऱ्याचे वर्षाचे अंतर सहज २० हजार किलोमीटरच्या पुढे जाते. अशा वापराला डिझेल इंजिन योग्य. जुन्या बाजारात सर्वाधिक आढळणारे डिझेल इंजिन म्हणजे फियाटच्या तंत्राचे १२४८ सीसीचे मल्टीजेट. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा व ब्रेझापासून टाटा आणि फियाटच्या गाड्यांपर्यंत ते वापरले गेले. त्यात टायमिंग बेल्टऐवजी साखळी असते. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या. मात्र इंजिनांची संख्या मोठी असल्याने भाग अजून मिळतात.

रेनो डस्टर आणि तिच्या जोडीच्या निसान गाड्यांमधील १.५ लिटरच्या डिझेल इंजिनाला मात्र टायमिंग बेल्ट असतो. तो ठरलेल्या मुदतीत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन उघडण्याची पाळी येते. अशा गाडीचा बेल्ट बदलल्याचे बिल मागावे; बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असेच समजून किंमत ठरवावी.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा गाळक असतो. हा गाळक साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून काही वेळ सलग वेगात चालावी लागते. बाजार, शाळा आणि कार्यालय एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो चोंदतो आणि त्याची दुरुस्ती महाग असते. गावात वापरलेली नवीनच्या तोडीची डिझेल गाडी महामार्गावर चाललेल्या गाडीपेक्षा अधिक त्रासाची ठरू शकते, ती यामुळेच.

सीएनजी

सीएनजी गाडीचा किलोमीटरमागे खर्च सर्वांत कमी असतो. पण पंपाचे अंतर, रांगेतील वेळ आणि डिक्कीतील सिलिंडर हे तीन मुद्दे आधी पाहावेत. कंपनीने बसवलेले किट आणि बाहेरून बसवलेले किट यांत फरक करावा. बाहेरून बसवलेल्या किटची नोंद आरसीवर नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते; तिची तारीख सिलिंडरवरील पट्टीवर आणि प्रमाणपत्रावर असते.

बांधणी : चार मीटरची मर्यादा

भारतातील गाड्यांचे आकार करांनीही घडवले आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि लांबी चार मीटरच्या आत ठेवण्याची चढाओढ सुरू झाली. पहिली स्विफ्ट डिझायर चार मीटरहून लांब होती. २०१२ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती ३९९५ मिलिमीटरवर आणली गेली. शेपूट कापल्यासारखी दिसणारी डिक्की त्यातून आली. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू याही याच मर्यादेतल्या. म्हणून ‘एसयूव्ही’ या नावावरून प्रशस्त जागेची कल्पना करू नये. मागच्या आसनावर तीन प्रौढांना बसवून पाहावे.

हॅचबॅक : वॅगन आर, स्विफ्ट, आय-१० यांसारख्या गाड्या जुन्या शहरातील अरुंद गल्ल्यांत वळवायला आणि लावायला सोप्या असतात. उंच छताच्या गाडीत ज्येष्ठांना चढ-उतार सुलभ होते. चार जणांच्या सामानाला मात्र डिक्की अपुरी पडते.

सेडान : जमिनीलगतची बांधणी असल्याने महामार्गावर स्थिर चालते आणि डिक्की वेगळी मिळते. कच्च्या रस्त्यावर आणि उंच गतिरोधकावर तळ घासतो. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालचा भाग पाहावा. डिझायर, अमेझ, एटिऑस या सेडान टॅक्सी म्हणूनही भरपूर चालल्या आहेत. आरसीच्या इतिहासात व्यावसायिक नोंदणी आढळली, तर मीटरवरील कमी किलोमीटरवर विश्वास ठेवू नये.

लहान एसयूव्ही : जमिनीपासूनची उंची अधिक असल्याने खेड्यांकडील रस्त्यांवर उपयोगी. बहुतेकांची बांधणी हॅचबॅकप्रमाणेच एकसंध कवचाची असते. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार इंजिन बदलते, हेही ध्यानात ठेवावे. ब्रेझा २०१६ ते २०२० पर्यंत केवळ डिझेलमध्ये होती. २०२० पासून ती १४६२ सीसीच्या पेट्रोल इंजिनासह येते.

चौकटीवरील एसयूव्ही : बोलेरो, स्कॉर्पिओ यांचा सांगाडा वेगळ्या पोलादी चौकटीवर बसवलेला असतो. ओझे, खड्डे, शेतरस्ते यांसाठी त्या भक्कम. पण जड, इंधन अधिक खाणाऱ्या आणि वेगात वळणावर झुकणाऱ्या. अशा गाडीत चौकटीला वेल्डिंग किंवा बाक आहे का, आणि मागच्या चाकांकडील डिफरन्शियलमधून आवाज येतो का, हे पाहावे.

एमपीव्ही : सात जणांच्या कुटुंबाला अर्टिगा किंवा इनोव्हा उपयुक्त. इनोव्हाची ख्याती मोठी असल्याने तिची किंमत वयाच्या मानाने उतरत नाही आणि त्यामुळेच खूप चाललेल्या गाड्याही चढ्या भावाने विकल्या जातात.

बांधणी निवडताना सुरक्षिततेचा मुद्दा बाजूला ठेवू नये. नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक स्वस्त आवृत्त्यांत एअरबॅग किंवा एबीएस नाही. त्याच वर्षाची वरची आवृत्ती थोडी महाग मिळत असली, तरी तीच घ्यावी.

शेवर्लेने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या कंपन्यांच्या चांगल्या गाड्याही स्वस्तात मिळतात. स्वीकारण्यापूर्वी आपल्या गावात त्यांचे भाग कोण देतो याची खात्री करावी.

दिल्लीहून आलेली डिझेल गाडी

झाशीतील ग्राहकाला सर्वाधिक मोह पडतो तो दिल्लीच्या दहा वर्षांच्या आसपासच्या डिझेल गाडीचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिलेल्या आदेशांनुसार राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १५ वर्षांपुढील पेट्रोल आणि १० वर्षांपुढील डिझेल गाड्यांना मनाई झाली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मनाईवर शिक्कामोर्तब केले. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने अशा गाड्यांवर केवळ वयामुळे सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, तर डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यावरील गाड्यांपुरते मर्यादित केले.

झाशी राजधानी क्षेत्राबाहेर आहे. येथे खासगी मोटारीच्या नोंदणीची मूळ मुदत १५ वर्षे असते. त्यामुळे दिल्लीत नकोशी झालेली गाडी येथे कायदेशीरपणे चालू शकते आणि चांगली सांभाळलेली असेल तर लाभाचीही ठरते. मात्र ज्याचा मुलगा नोएडात शिकतो किंवा ज्याला उपचारांसाठी वारंवार दिल्ली गाठावी लागते, त्याने ती घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आरसीवरील उत्सर्जन मानक अवश्य वाचावे. दिल्लीसह काही महानगरांत बीएस-४ मानक २०१० मध्येच आले. देशाच्या बऱ्याच भागांत मात्र ३१ मार्च २०१७ पर्यंत बीएस-३ गाड्या विकल्या जात होत्या. २०१४ च्या दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांचे मानक यामुळे भिन्न असू शकते.

दिल्लीचे ना-हरकत प्रमाणपत्र झाशी परिवहन कार्यालयाच्या नावे निघाले आहे का, आणि झाशी कार्यालय ती गाडी त्या वयात नोंदवून घेते का, याची खात्री इसारा देण्यापूर्वी करावी. ‘एनओसी नंतर देतो’ या शब्दावर पैसे देऊ नयेत.

प्रत्यक्ष पाहणी

गाडी सकाळी आणि इंजिन थंड असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन अनेक दोष झाकते. सुरू करताना निळसर धूर आल्यास ऑइल जळते आहे, सतत पांढरा धूर आल्यास कूलंट आत शिरत असण्याची शक्यता आहे, आणि दाट काळा धूर इंजेक्टर किंवा हवेच्या गाळकाकडे बोट दाखवतो. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर असेल, तर गाडी तेथेच सोडावी.

बुंदेलखंडाचा उन्हाळा कडक आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून रेडिएटर, त्याचा पंखा, रबरी नळ्या आणि एसी यांची परीक्षा महत्त्वाची. एसी लावून गाडी १५ मिनिटे उभी चालू ठेवावी आणि तापमानाचा काटा पाहावा. कोरड्या हवेमुळे येथील गाड्यांना गंज कमी धरतो. मुंबई किंवा कोकणातून आलेल्या गाडीचा तळ आणि दारांच्या कडा मात्र बारकाईने तपासाव्यात.

काचांवरील उत्पादनवर्षे वेगवेगळी असतील, बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल किंवा दारांच्या फटी असमान असतील, तर अपघाताची शंका घ्यावी. मीटरवर ४० हजार किलोमीटर आणि स्टिअरिंग व पेडल झिजून गुळगुळीत, असे असेल तर सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागाव्यात. हे सर्व एकट्याने जमत नसेल, तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला पैसे देऊन सोबत न्यावे.

कागदपत्रे आणि कर

चासी क्रमांक १७ अक्षरांचा असतो. गाडीवरील कोरलेला क्रमांक आणि आरसीवरील क्रमांक अक्षरशः जुळवावेत. थकीत चलन, कर्जाचा बोजा आणि विम्याची स्थिती परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर पाहता येते. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०, परराज्यातील किंवा दुसऱ्या कार्यालयाच्या गाडीसाठी नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणि कर्ज फेडले असल्यास बोजा उतरवण्याचा नमुना ३५ लागतो. परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि उत्तर प्रदेशचा कर भरावा लागतो. ग्वाल्हेरची गाडी स्वस्त वाटली, तरी हा कर किमतीत मिळवूनच तुलना करावी. १९०५ पासून भरणाऱ्या ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात अनेक वर्षे नव्या वाहनांच्या पथकरात ५० टक्के सवलत मिळाली आहे. तेथे घेतलेल्या गाडीच्या मालकाने मुळात किती पैसे मोजले, हे विचारणे घासाघिशीत उपयोगी पडते.

लष्करी आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या ‘बीएच’ मालिकेतील गाड्यांचा कर साधारणतः दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो. तो कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि आपण त्या मालिकेस पात्र नसल्यास राज्याचा कर किती पडेल, हे आधी विचारावे.

विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवावे लागते. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याकडेच राहतो. विक्रेत्यानेही निष्काळजी राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, हस्तांतरण नोंदले गेले नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच येते. मध्यस्थाला गाडी देताना तो अधिकृत असल्यास नमुना २९-सी द्वारे ताबा दिल्याची नोंद परिवहन कार्यालयात करता येते. ही सोय १ एप्रिल २०२३ पासून आहे.

किंमत ठरवताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी उपकर धरून पेट्रोलवर २९ आणि डिझेलवर ३१ टक्के कर होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीही स्वस्त व्हायला हवी. विक्रेता जुन्या शोरूम-किमतीचा आधार देत असेल, तर आजची किंमत त्याच्यापुढे ठेवावी. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या गाडीवरील जीएसटी केवळ आपल्या नफ्याच्या रकमेवर, १८ टक्के दराने द्यावा लागतो; तो पूर्ण किमतीवर लावून मागितल्यास नकार द्यावा. दोन व्यक्तींमधील खासगी व्यवहारावर हा कर नाही.

पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवण्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये आहे. २० वर्षांपुढील गाडीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार झाले. योग्यता तपासणी त्याशिवाय.

बहुतेक कुटुंबांसाठी घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी मोटारीचीच असते आणि जुन्या गाडीसाठी काढलेले पैसे अनेकदा बरीच वर्षे साठवलेले असतात. म्हणून काचेवर लिहिलेल्या आकड्यात कर, हस्तांतरण, विमा आणि पहिल्या सहा महिन्यांची दुरुस्ती मिळवावी, आलेल्या बेरजेला नोंदणीच्या शिल्लक वर्षांनी भागावे आणि मगच दोन गाड्यांची तुलना करावी. हा हिशेब कागदावर मांडून झाल्यावरच खिशातून इसारा काढावा.